मंजुळाला कन्व्हर्ट करताना

हे बायकोला माहीत नाही, आईला माहीत नाही. मोहितला सांगितलं असतं तर आठवड्याभरात अर्ध्या इंदूरला कळलं असतं, म्हणून त्यालाही नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — तेच बरं. तुमच्यासमोर तोंड उघडता येईल असं वाटतंय.

आणि आधीच सांगतो, ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? हा तर खेळातला प्रकार! हो, खेळातलाच. तीच तर कटकट आहे. कुणाचं डोकं फोडलं असतं तर ते सांगायला शब्द तरी तयार मिळाले असते. मी जे केलं त्याला काय म्हणायचं, हेच मला इतकी वर्षं ठरवता आलेलं नाही. माझं मराठी इंदूरचं आहे, मध्येमध्ये हिंदी घुसेल, तेवढं चालवून घ्या.

तर आधी खेळ. आम्ही चौघं दर रविवारी दुपारी माझ्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती बसायचो. मी गोष्ट चालवायचो — जंगलं, किल्ले, दरोडेखोर, राजे-राण्या, सगळं माझ्या डोक्यातलं. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली एकेक माणसं व्हायचे. प्रत्येकाच्या माणसाचा एक कागद, त्याला आम्ही शीट म्हणतो. त्यावर आकडे. ताकद किती, चपळाई किती, कुलूप उघडता येतं का, समोरच्याला बोलण्यात पटवता येतं का. काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, कागदावरचा आकडा त्यात मिळवायचा. बेरीज पुरेशी झाली तर जमलं, नाहीतर नाही. इतकं साधं. पण या साध्या गोष्टीवर तीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक आहे, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि ते पुस्तक आमच्यात फक्त मी वाचायचो.

बाकी कुणी वाचलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

मोहित माझा शाळेपासूनचा दोस्त. गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिसला आहे, मराठी समजतं, बोलतो हिंदीच. त्याचा माणूस म्हणजे बबलू बिजली नावाचा चोर. स्वप्ना आमच्या खालच्या मजल्यावर राहते, नाशिकहून इथे कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेली. तिची एक वैदू होती, जखमा भरणारी. आणि तिसरी नंदू. नंदिनी. माझी बहीण.

नंदू माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती अडखळते. लोक तोतरी म्हणतात, माझं डोकं फिरतं — तोतरी नाही, अडखळते. शब्द तिच्याकडे असतो, पूर्ण, तयार, दातांच्या मागे येऊन उभा. बाहेर येत नाही, बस. सगळ्यात जास्त अडचण 'म'ची. आता मराठीत 'म'शिवाय जगायचं कसं? 'मी' म्हटल्याशिवाय माणूस बोलायला सुरुवात कुठून करणार? नंदूनं त्यावरही तोड काढलेली. ती 'मी' म्हणतच नाही. 'जाते', 'खाल्लं', 'नकोय' — क्रियापदावर काम भागवते. आमच्या भाषेनं तेवढी सोय ठेवलीय, हे मला तिच्यामुळे कळलं.

आणि अशा मुलीनं आपल्या खेळातल्या बाईचं नाव काय ठेवावं? मंजुळा! मी म्हटलं, अगं, 'म'? तर हसली आणि शीटवरच्या नावावर बोट ठेवलं. झालं सांगून.

मंजुळा दूत होती. भांडणाऱ्या राज्यांमध्ये तह घडवून आणणारी. नंदूनं तिचे सगळे गुण बोलण्यावर खर्च केले. अंगात ताकद इतकी कमी की मंजुळाला स्वतःची वळकटी उचलता येत नसे, बबलू उचलायचा. पण बोलण्यात तिच्यासमोर कुणी टिकायचं नाही. नंदू थोडक्यात सांगायची, 'पाटलाला समजावते,' किंवा चिठ्ठीवर लिहून सरकवायची, आणि फासा टाकायची. कागदावरचा आकडा एकवीस. मग मी मंजुळाचं भाषण स्वतः रचून म्हणायचो, आणि नंदू गालाला हात लावून ऐकत राहायची — जसं काही तीच बोलतेय.

सहा वर्षं हे चाललं. आणि या सहा वर्षांत काय झालं ते मला ठाऊक आहे, म्हणून ते इथेच लिहून ठेवतो, पुढे पळवाट नको. नंदू रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली ती मंजुळाच्या जोरावर. इंटरव्ह्यूच्या आधी तिनं दोन पानं उत्तरं लिहून काढली होती. मला आणून दाखवली. म्हणाली, 'ती कशी बोलली असती ते लिहिलंय, दादा. उद्या तीच आत जाणार.' आणि गेली. दोनदाच अडखळले म्हणून फोनवर सांगताना तिचा आवाज इतका मोठा होता की मी फोन कानापासून लांब धरला. म्हणजे मला माहीत होतं. हा नुसता खेळ नाही, तिच्यासाठी हे काहीतरी दुसरंच काम करतंय, हे मला पक्कं माहीत होतं. नंतर कळलं, असं मी म्हणू शकत नाही.

मग नवी एडिशन आली.

यावर काय बोलू! दर काही वर्षांनी पुस्तक काढणाऱ्या कंपनीतल्या लोकांना किडा चावतो आणि ते सगळे नियम बदलतात. चांगलं चाललेलं असतं. जुन्या पुस्तकात चाळीस कौशल्यं होती, नव्यात निम्मीसुद्धा नाहीत. जुने आकडे मोठे, नवे लहान. चोराला आपल्या सुरीला विष लावता यायचं, ते गायब. वैदूच्या मंत्रांची यादी कापून अर्धी केलेली. आणि जुना माणूस नव्यात कसा आणायचा, त्याचं उत्तर पुस्तकात काय दिलंय? की आकडे जसेच्या तसे बदलत बसू नका, त्या माणसाचा गाभा ओळखा आणि तो पुन्हा घडवा. वा! गाभा! एखाद्याचं वजन किलोमध्ये माहीत असावं आणि ते मैलांत सांगायला लावावं, तसा प्रकार. अपनने दोनदा हिशेब मांडला, दोनदा वेगळा आला.

आणि करणार कोण? मीच. मी सांवेर रोडला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या फॅक्टरीत क्वालिटी बघतो. जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये डबा एका हाताला, पुस्तक दुसऱ्या. इकडे मोहितचा फोन — 'भिया, मेरा वाला भी देख लेना. और बबलू की स्पीड कम मत करना, नहीं तो मैं नहीं खेलूँगा.' तिकडे स्वप्नाचा मेसेज — माझे अठ्ठावीस मंत्र होते, बाराच कसे राहिले? अरे, मी काढले का? मी छापलं का पुस्तक? कोऱ्या शीटच्या झेरॉक्स काढायला परदेशीपुऱ्यात जा, तिथला माणूस दर वेळी विचारणार, 'भैया, ये कौन सी परीक्षा का फॉर्म है?' दोन महिने माझी ही माथापच्ची. आणि एकानं — एकानं तरी म्हणावं, अवी, थकला असशील. पण नावच नको.

नंदूनं मात्र कटकट केली नव्हती. ती फक्त म्हणाली, 'दादा, तू करशील ते ठीक.'

हे मी सांगतोय, आणि माझ्या लक्षात येतंय की मी अजून मोहितवर आणि पुस्तकावरच चिडतोय. दोघांचाही यात काही संबंध नाही. सरळ सांगतो.

जुन्या एडिशनचा शेवटचा रविवार. त्या दिवसासाठी मी तीन आठवडे तयारी केली होती. दोन राज्यांमध्ये युद्ध पेटणार, एक हट्टी राणी, तिचा दरबार, तिच्या मेलेल्या भावाची कहाणी, तिचा विश्वासघातकी सेनापती. पंचवीस पानं लिहिली होती हातानं. मला वाटलं होतं, हे दोन-तीन रविवार चालेल, लोक आठवण काढतील. आम्ही बसलो, मी दरबाराचं वर्णन सुरू केलं, आणि नंदूनं एक चिठ्ठी सरकवली. 'मंजुळा राणीला युद्ध नको म्हणून समजावते.' फासा टाकला. वीस! अधिक एकवीस. एवढ्या बेरजेपुढे डोंगरसुद्धा हलला असता. चार मिनिटांत युद्ध संपलं. मोहित खुर्चीवरून उठून नाचला — 'नंदू, एक चिट्ठी में जंग खतम!' स्वप्नानं टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. हसत हसत पंचवीस पानं फाइलमध्ये ठेवली.

आत काय झालं ते विचाराल? तीन आठवड्यांच्या मेहनतीचा राग होता का? होता. पण तो वरचा. त्याच्या खाली जुना होता. लहानपणी आईचा एकच हुकूम असायचा — अवी, तिचं वाक्य पूर्ण होऊ दे, मध्ये बोलू नकोस. घरात पाहुणे, ताटं वाढलेली, आणि सगळे थांबलेत, कारण नंदू एक शब्द बाहेर काढतेय. मला उत्तर माहीत असायचं. तिला काय म्हणायचंय ते मला तिच्या आधी कळायचं. तरी थांबायचं. शाळेतून धावत यायचो सांगायला की माझा नंबर आला, आणि आधी तिचं पूर्ण व्हायचं. माझं अर्धं लहानपण थांबण्यात गेलं, आणि त्याबद्दल मी कधी 'उफ' केलं नाही. आणि आता, टेबलावर, माझ्या स्वतःच्या गोष्टीत, हिला एक शब्दही न बोलता सगळं मिळतंय? मी पंचवीस पानं लिहायची आणि हिनं एक ओळ?

बघा, किती क्षुद्र दिसतं लिहिल्यावर. तेव्हा क्षुद्र वाटलं नव्हतं. तेव्हा न्याय वाटला होता.

मंजुळाला कन्व्हर्ट करायला घेतलं तेव्हा हिशेब सोपा निघाला. नव्या एडिशनमध्ये तिचं पटवण्याचं कौशल्य नऊ. लहान दिसतं, पण सगळ्यांचेच आकडे लहान झाले होते; नऊ टेबलावर सगळ्यात जास्त होते. आणि पुस्तकात, बोलण्याच्या प्रकरणात, एक स्पष्ट वाक्य होतं. खेळणाऱ्यानं आपल्या माणसाचे शब्द स्वतः बोलून दाखवले तरी चालतं, किंवा तो माणूस काय सांगतोय ते नुसतं थोडक्यात सांगितलं तरी चालतं, दोन्ही बरोबर. मी ते वाक्य वाचलं. पेन्सिलनं खाली रेघ मारली. मला वाटतं, रेघ मारली तेव्हा माझ्या मनात नंदूच होती, चांगल्या अर्थानं — की चला, हिचं नुकसान नाही.

आणि रविवारी सगळ्यांना शीट वाटताना मी म्हणालो की नव्या एडिशनमध्ये एक मोठा बदल आहे. बोलण्याची कौशल्यं आता नुसत्या फाशावर चालत नाहीत. जे बोलायचंय ते खेळणाऱ्यानं स्वतः, मोठ्यानं, त्या माणसाच्या तोंडून बोलायचं. नीट बोललात तरच फासा टाकायला मिळेल.

हे मी काढलेलं. कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बोलताना आवाज जरासुद्धा हलला नाही.

नंदूनं शीटकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'असं लिहिलंय?' एवढंच विचारलं. मी पुस्तकावर हात ठेवला — म्हटलं, हो ना, काय करणार. शपथ घेतल्यासारखा ठेवला हो! तिनं मान हलवली. पुस्तक उघडून बघितलं नाही. का बघेल? ती माझ्यावर विश्वास ठेवायची.

पण इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी त्यांना एका किल्ल्याच्या दारापाशी आणलं. दारात एक पहारेकरी. साधा माणूस, असे पन्नास पहारेकरी मंजुळानं पूर्वी पटवलेले. नंदू म्हणाली, 'त्याला समजावते.' मी म्हटलं, 'अं हं. बोल. मी पहारेकरी.' ती खुर्चीत सरळ बसली. पाण्याचा घोट घेतला. बोलायला तयार झाली होती — हे मला दिसलं. तिला जे शब्द जमतात त्यातून तिनं वाक्य जुळवायला घेतलं होतं, मला तिची ती नजर लहानपणापासून माहितीय. ती कदाचित बोलली असती.

आणि मी पहारेकऱ्याचा जाड आवाज काढून विचारलं, 'थांब! आधी नाव सांग तुझं.'

हा प्रश्न माझ्या कागदांवर लिहिलेला नव्हता. तिथल्या तिथे सुचला. माझ्या आयुष्यात मला याहून पटकन काही सुचलेलं नाही.

'म'साठी ओठ मिटावे लागतात. तिचे मिटले. आणि उघडेनात. गळ्याची शीर वर आली, डोळे एका बाजूला गेले. शीटवर बोट ठेवून भागणार नव्हतं, पहारेकऱ्याला शीट कुठून दिसणार? मोहित शेंगदाणे सोलत होता, त्याचे हात थांबले. स्वप्ना खाली बघून आपल्या बांगडीशी खेळायला लागली. आणि मी? मी थांबलो. आईनं शिकवलं होतं तस्संच. मध्ये बोललो नाही, शब्द पुरवला नाही, चेहरा शांत ठेवला. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय धीराचा भाऊ आहे!

मोहितला सहन झालं नाही. 'अरे भिया, जाने दे ना. ले ले इनको अंदर.'

मी म्हणालो, 'रूल है, यार. मैंने थोड़ी बनाया है.'

नंदूनं ओठ सोडले. म्हणाली, 'जाऊ दे.' बबलू भिंत चढून आत गेला, दोर टाकला, खेळ पुढे चालला.

घरी मी स्वतःला काय सांगितलं माहितीय? की हे तिच्या भल्यासाठी आहे. प्रॅक्टिस होईल, भीती चेपेल. आठवडाभर मी हे इतक्या वेळा घोकलं की जवळजवळ पटलं. पण तिच्या भल्यासाठी असतं तर तिला विचारून केलं असतं ना? पुस्तकाचं नाव कशाला घेतलं असतं? आणि नाव कशाला विचारलं असतं? नाही. ती अडकावी असंच मला वाटत होतं. एकदा सगळ्यांनी बघावं की मी लहानपणी किती थांबलोय. बस, हेच. याच्या खाली अजून काही सापडत नाही, मी पुष्कळ खणून बघितलंय.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन. नंदू आणि आई एकत्र राहतात. आई म्हणाली, 'अरे, ही लॅबमधून आली की आरशासमोर उभी राहून कुणाशी तरी बोलते. पहारेकरी दादा, पहारेकरी दादा, असं काहीतरी. बरी आहे ना रे?' मी म्हटलं, खेळाचं असेल काहीतरी. आई म्हणाली, 'चांगलं आहे मग.'

ती आणखी दोन रविवार आली मंजुळाला घेऊन. तयारी करून. काही वाक्यं आलीसुद्धा. पण आरशासमोर आलेलं टेबलावर येईलच असं नसतं, आणि मीही प्रत्येक वेळी एखादा असा प्रश्न टाकायचो की पाठ केलेलं मोडून पडावं. तेही कबूल करतो. चौथ्या रविवारी तिनं नवी शीट आणली, स्वतःच्या हातानं भरलेली. कुऱ्हाड घेऊन लढणारी एक मुकी बाई. 'ही बोलत नाही,' म्हणाली. बेरीज दोन ठिकाणी चुकली होती. मी काय केलं असेल? लाल पेननं ती बेरीज दुरुस्त करून दिली.

तीन महिने तिनं ती कुऱ्हाड चालवली. मग कळवलं की रविवारी लॅबला ड्यूटी लागतेय, जमणार नाही. ड्यूटी लागत नव्हती. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे. आणि तरी तिला वाटत होतं की लाज तिची आहे.

एकदा पकडला जाणार होतो. स्वप्नाला तिच्या मंत्रांचं काही बघायचं होतं म्हणून ती पुस्तक घेऊन गेली, आणि दोन दिवसांनी मला एका पानाचा फोटो पाठवला. 'अविनाशदादा, इथे तर लिहिलंय की थोडक्यात सांगितलं तरी चालतं. खाली तुमच्या पेन्सिलची रेघ पण आहे.' मी फॅक्टरीत होतो.  तेव्हा नंदू सोडून जाऊन महिनाही झाला नव्हता. एक फोन केला असता, अगं, माझी वाचण्यात चूक झाली — एवढं म्हटलं असतं, खोटं का होईना, तरी ती परत आली असती. मी लिहिलं: 'ती पहिली छपाई आहे. नंतर कंपनीनं दुरुस्ती काढली, ऑनलाइन आहे.' कंपन्या खरंच सारख्या दुरुस्त्या काढतात, त्यामुळे कुणालाही पटेल असं होतं. स्वप्नानं 'अच्छा!' लिहून पाठवलं. पहिलं खोटं रागाच्या भरात निघालं, असं एक वेळ म्हणता येईल. हे दुसरं मी नीट विचार करून, स्पेलिंग तपासून पाठवलं.

यानंतर दोनेक वर्षांनी नंदूच्या लॅबनं तिला सेक्शन बघायला सांगितलं. नव्या पोरींना शिकवायचं, आठवड्यातून एकदा डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये बोलायचं. तिच्याइतका सफाईचा हात असलेलं तिथे दुसरं कुणी नव्हतं, हे तिथले लोकच सांगायचे. तिनं नाही म्हटलं. आईनं मला बोलावलं — 'तू समजाव, तुझं ऐकते ती.' मी गेलो. खजराना चौकाजवळ त्यांचं घर आहे, बुधवार होता, इथे गणपतीचा वार, तिथल्या देवळाच्या गर्दीत गाडी अर्धा तास अडकली, आणि त्या अर्ध्या तासात मी ठरवलं होतं की आज सांगायचं. खरंच ठरवलं होतं.

मी म्हटलं, 'नंदू, इंटरव्ह्यूच्या वेळी कशी लिहून तयारी केली होतीस? तशी कर ना.'

ती पोहे परतत होती. मागे न बघता, तिच्या पद्धतीनं, थांबत थांबत म्हणाली, 'करून बघितलं ना, दादा. खेळात. आरशासमोर रोज... एक दार उघडलं नाही.' हसली. मग गॅस बंद केला आणि म्हणाली, 'आणि तिथे तर सगळे आपलेच होते.'

आता बोल. आता बोल ना! — असं मी स्वतःला म्हणत होतो. ओट्याला टेकून उभा होतो, आमच्यात दोन हातांचं अंतर. तिनं पोह्यांवर शेव टाकून बशी माझ्या हातात दिली. मी खाल्ले. चांगले झालेत म्हणालो. आईला सांगितलं, तिची इच्छा नाही तर जबरदस्ती नको करूस. ती जागा तिच्या नंतर लागलेल्या एका मुलीला मिळाली, जिला नंदूनंच वहीत लिहून लिहून काम शिकवलं होतं. अजून तीच आहे त्या जागेवर.

हे सगळं जुनं झालं. मग आत्ता, काही महिन्यांपूर्वी, आणखी एक नवी एडिशन आली. हो, पुन्हा! पुन्हा सगळे आकडे, पुन्हा सगळं गाभ्यापासून. मोहितचा मेसेज — 'भिया, नया वाला आ गया. सबको कन्वर्ट कर दे, नंदू को भी बुला.' मी चिडलो, कुरकुरलो, आणि नेहमीसारखा बसलो करायला. फाइलमध्ये मंजुळाची शीट होती. तिला नव्या नियमांत आणलं. एक संध्याकाळ लागली. कुठलाही आकडा कमी केला नाही. फोटो काढून नंदूला पाठवला.

 तिचा मेसेज आला: 'छान झालीये. पण अजून स्वतः बोलावं लागतं का?'

लिहिताना ती अडखळत नाही. लिहिताना तिचं वाक्य सरळ येतं, प्रश्नचिन्हासकट.

 उत्तर एकच होतं — कधीच बोलावं लागत नव्हतं, नंदू. अवघे पाच शब्द. मी लिहिलं: 'नाही. तो नियम काढला त्यांनी.'

काढला त्यांनी!

तिचं उत्तर लगेच आलं. 'बरं झालं. माझ्यासारख्या कुणीतरी तक्रार केली असेल.'

त्या रविवारी ती आली. साडेचार-पाच वर्षांनी. नवी साडी नव्हे, पण इस्त्रीचा कुर्ता, केस धुतलेले. स्वप्नाला तिनं दारातच सांगितलं की कंपनीला उशिरा का होईना अक्कल आली. स्वप्ना म्हणाली, हो ना, तो काय नियम होता! मोहित म्हणाला, 'बकवास रूल था, भिया, मैं तो तभी बोला था.' तिघंही त्या नियमाला शिव्या घालत हसत होते, आणि मी पाण्याचे ग्लास भरत होतो. दुपारभर खेळलो. मंजुळानं दोन भावांमधलं भांडण मिटवलं.

निघताना नंदू चपला घालत होती. मला वाटलं माझा चेहरा नीट आहे. नसावा. कारण तिनं वर बघितलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

'तेव्हा तुझाही नाइलाज होता, दादा. नियमच तसा होता.'

ती या वाक्यात कुठेही अडखळली नाही.

मी 'हो' म्हणालो.